चेहऱ्याला हात लावण्याआधी

वलगाव,
बुधवार

प्रिय रागिणी,

पेरणी आटोपली, म्हणून आज दुपारी बसायला मिळालं. फोनवर तू "ठीक आहे बाबा" म्हणतेस आणि लगेच आईला द्या म्हणतेस. त्यामुळे लिहितो आहे. पत्र लिहायची मला सवय नाही. शाळेत गुरुजींनी शिकवलं ते तलाठ्याला अर्ज करण्यापुरतं. पण काही गोष्टी तोंडाने निघत नाहीत, लिहिताना कदाचित निघतील.

आधी मुद्द्याचं सांगतो. तू सध्या राहतेस त्या मावशीच्या घरापासून पाऊण तासाच्या अंतरावर, अकोल्यातच, सरोजिनीताई मेकअप शिकवतात तो वर्ग तुला माहीत आहे. मागच्या वर्षी तूच तो फोनवर शोधून काढला होतास. त्यांची नवी बॅच येत्या सोमवारी सुरू होते. एक जागा त्यांनी रविवारपर्यंत धरून ठेवली आहे. मी तुझं नाव लिहून आलेलो नाही. या वेळी ते काम तुझं. तुझी मावशी मनकर्णा सांगत होती की तू दिवसभर मशीनवर साड्यांना फॉल लावतेस, शेजारच्या लग्नालाही गेली नाहीस, आणि ब्रशची पेटी तर इथेच कपाटावर ठेवून गेलीस. फॉल लावणं वाईट नाही. पण तू ते आवडतं म्हणून करून राहिली की लपायला जागा म्हणून, हे मला कळत नाही आणि विचारायची हिंमतही होत नाही.

भातकुलीच्या लग्नाला परवा दोन महिने झाले. तो मांडव माझ्या डोळ्यापुढून जात नाही. आकांक्षाने हट्ट धरला होता की माझा मेकअप माझी बहीणच करेल, बाहेरची बाई नको. तू चार तास खपलीस. मी दारातून पाहिलं तेव्हा पोरगी खरंच उजळून दिसत होती, मला अभिमान वाटला. आणि गोरज मुहूर्ताच्या अर्धा तास आधी तिचे गाल लाल झाले, पापण्या सुजल्या. तू सगळं धुऊन काढलंस, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्यास. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरदेव आधी तिच्याकडे अन् मग भटजींकडे पाहू लागला. आकांक्षाची आई, तुझी मोठी आई, भर मांडवात म्हणाली, "तोंड सजवाले शिकली का तोंड जाळाले शिकली, विचारा तिले." तू पाण्याचं भांडं हातात धरून उभी होतीस. मी चार हातांवर होतो, मुठीत अक्षता होत्या. लोक मंगलाष्टकं संपली म्हणून अक्षता टाकायला लागले, तेव्हा मीही टाकल्या.

आकांक्षा बरी आहे. अमरावतीच्या डॉक्टरांनी मलम दिलं, आठ दिवसांत सूज, डाग सगळं गेलं. गेल्या आठवड्यात ती माहेरी आली तेव्हा मी मुद्दाम भातकुलीला जाऊन तिला भेटलो. ती हसून म्हणाली, "काका, फोटोत मी कोणाचा मार खाऊन बोहल्यावर चढल्यासारखी दिसतो. सासरचे अजून चिडवतात. पण रागिणी फोन काहून उचलत नाही? तिले सांगा, राग असता तर मीच केला नसता फोन." हे तुला कळावं. तिच्या वडिलांच्या, किसनदादांच्याही मनात काही नाही. तुझ्या मोठ्या आईचं तोंड तुला माहीत आहे, तिने देवालाही सोडलेलं नाही.

डॉक्टरांनी ती क्रीमची डबी पाहायला मागितली होती. मी तुझ्या पेटीतून नेली. त्यांनी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आणि म्हणाले, यावर नाव नाही, तारीख नाही, कंपनी नाही, हे तोंडाला लावलंच कसं. ती डबी तू शिकलीस त्या अमरावतीच्या वर्गाने 'किट' म्हणून दिलेली होती. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कपाशीचं बियाणं घ्याले तुमी चार दुकानं पाह्यता, पिशवीवरचा लॉट नंबर वाचता, पावती नसली तं दुकानदाराशी भांडता. अन् पोरीच्या वक्ताले पंचांग पाह्यलं." मी जेवलो आणि उठलो.

तिचं बोलणं शब्दाशब्दाला खरं आहे. अकोल्याच्या जागा भरल्या म्हणून आपण अमरावतीच्या त्या वर्गात गेलो, तो दिवस आठवतो का? काचेचं दार, आत गारवा, टेबलावर शेगावच्या महाराजांचा फोटो आणि त्याला ताजा हार. मॅडम म्हणाल्या, "काका, गुरुवारी गुरुपुष्यामृत आहे, त्याच दिवशी ॲडमिशन घ्या, विद्या फळते." माझ्या मनाने तिथेच मान डोलावली. ज्या बाईला गुरुपुष्य माहीत, ती फसवेल कशी, असा माझा हिशेब. मग आतल्या खोलीत फळीवर ओळीने मांडलेली ती प्लास्टिकची मुंडकी दाखवली, पोरी त्यांच्यावरच शिकतात म्हणाल्या. तुला सांगतो, मला एकदम आपल्या महालक्ष्म्या आठवल्या. भाद्रपदात मुखवटे उतरवून पाटावर ठेवतो, तू दहा वर्षांची असल्यापासून त्यांचे डोळे रेखतेस, कुंकू कोरतेस, गावातली पाच-सहा घरं तुलाच बोलावतात. मला वाटलं, हेच शिक्षण. स्वच्छ, सोवळं, कुणा परक्याच्या तोंडाला हात लावायचं काम नाही. मुखवट्याला घाम येत नाही, त्याची कातडी लाल होत नाही, त्याला खाजत नाही, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तीन महिन्यांत तू एकाही जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर हात चालवला नव्हतास. आणि सगळ्या मुंडक्यांचा रंग एकच, गोरा. आपल्या वऱ्हाडात तसा रंग किती जणींचा असतो?

लग्नानंतर मी तिथे परत गेलो होतो, तुला सांगितलं नाही. मॅडमनी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं, आंतरराष्ट्रीय म्हणे. ते देणारी संस्था कुठे आहे विचारलं तर फोनवर बोलू लागल्या. डबीवर नाव का नाही विचारलं तर म्हणाल्या, मोठ्या डब्यातून काढून देतो, सगळेच देतात. बाहेर धर्मपाल नावाचा रिक्षावाला उभा असतो, त्याची बहीणही त्याच वर्गातली. तो म्हणाला, "काका, आत भांडून राहिले का? माह्या बहिणीचे ब्रश दुसऱ्या धुण्यात टकले झाले." मला हसूही आलं आणि लाजही वाटली. फाटकाशी उभ्या माणसाला जे माहीत होतं, ते मी आत बसून विचारलं नव्हतं.

म्हणून मागच्या मंगळवारी एकटाच अकोल्याला गेलो. या वेळी बियाणं घ्यायला निघावं तसा निघालो. सरोजिनीताई साठीच्या आसपासच्या, नाटकांची रंगभूषा करत आयुष्य गेलेल्या. जिभेने कडक आहेत. मी विचारलं, काम मिळेल का नक्की. म्हणाल्या, "नक्की काम देतो म्हणणारा भेटला तर त्याच्या दारातून चप्पल न काढता परत जा. मी हात तयार करून देते, कामं तिची ती मिळवेल." एका वेळी आठच मुली घेतात, कारण नवव्या मुलीच्या हाताकडे लक्ष जात नाही म्हणे. प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख पेनाने लिहिलेली होती, मी चार उचलून पाहिल्या, एकीची मुदत जवळ आली होती तर त्यांनी माझ्यासमोर ती कचऱ्यात टाकली. फीमध्ये काय येतं नि काय नाही ते कागदावर लिहून सही करून देतात. पहिले पंधरा दिवस मुलींना रंग देतच नाहीत. चेहरा धुवायला, कातडी ओळखायला, ब्रश धुवायला शिकवतात. आणि नवरीला लावायचं ते एक दिवस आधी तिच्या कानामागे थोडंसं लावून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पाहायचं, मगच चेहऱ्याला हात. एवढंच होतं, रागिणी. भातकुलीच्या आदल्या दिवशी कानामागे बोटाच्या टोकाएवढं क्रीम. हे तुला कुणी सांगितलंच नाही, तर ती चूक तुझी कशी?

मी म्हटलं, तुमचं सगळं पटलं, पण मागे एकदा मला सगळं पटलं होतं. त्या पहिल्यांदा हसल्या. शिकून गेलेल्या मुलींचं रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "मी नावं सांगणार नाही. तुम्ही डोळे मिटून बोट ठेवा आणि फोन लावा." मी तिघींना लावला. मूर्तिजापूरची एक जण म्हणाली, "ताई लय रागावतात, मी दोनदा रडून घरी गेली होती. पण मी माझ्या पोरीलेही तिथंच टाकीन." नुसतं कौतुक ऐकलं असतं तर मी उठून आलो असतो.

आता ज्यासाठी कागद घेतला, ते. मागच्या श्रावणात अकोल्याच्या जागा भरल्या नव्हत्या. मी चौकशीला गेलो होतो खरा, पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून आत पाहिलं. एक मुलगी, तुझ्याच वयाची, कोड असलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन बसली होती. पलीकडे एक मुलगी कुणा तरुणाच्या कपाळाला रंग लावत होती. माझी मुलगी असं करणार नाही, असं मला वाटलं. मी जोडे न काढता उतरलो आणि घरी येऊन तुला खोटं सांगितलं. रोज देवापुढे बसतो, पण हे त्याच्यापुढेही उच्चारलं नव्हतं. त्या मंगळवारी ताईंना तुझं नाव सांगितलं, तर त्यांना ते आठवत होतं. म्हणाल्या, "वलगावची रागिणी? तिनं फोन केला होता ना मागच्या श्रावणात, जागा खरंच भरल्या का म्हणून. मी सांगितलं, तीन रिकाम्या आहेत. बरं म्हणाली, मग काही आलीच नाही." म्हणजे तुला माहीत होतं. माहीत असून तू माझ्यासोबत गुरुपुष्याच्या दिवशी नवा ड्रेस घालून अमरावतीला आलीस. भातकुलीच्या मांडवात सगळे तुला बोलत असताना तुला एवढंच म्हणता आलं असतं की वर्ग बाबांनी निवडला. तू मला झाकलंस आणि मी तुला उघडं पडू दिलं. किसनदादांना आणि तुझ्या मोठ्या आईला हे सगळं मी काल जाऊन सांगून आलो, आता तुला सांगतो आहे. तू जाशील की नाही, हे तू ठरव. नाही म्हणालीस तरी मी पुन्हा विचारणार नाही. पण ताईंच्या वर्गात प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी एक माणूस आणावं लागतं, ज्याच्या चेहऱ्यावर ती शिकेल. मी सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीने निघतो आणि दहाला त्या जिन्याखाली उभा राहतो. उन्हातान्हात रापलेलं तोंड आहे, दाढीचे खुंट आहेत, डाव्या गालावर विळ्याचा जुना व्रण आहे. तुझ्या हाताला चालेल का बघ.

तुझाच,
बाबा