बायपास म्हशीचं, पथ्य माझं

वाशी (जि. धाराशिव), बुधवार

तीर्थस्वरूप शिवगंगाआक्का आणि गुंडाप्पा दाजी यांच्या पायांवर धाकट्या महारुद्रचं डोकं. आक्का, तुमचे गुडघे कसे आहेत? दाजींची शुगर? इकडं मी, अयोध्या आणि आमची बिजली म्हैस तिघंही खुशाल आहोत, आणि एवढं एकच वाक्य नीट पोचावं म्हणून हे पत्र. फोनवर सांगायचा मी परवा तीनदा प्रयत्न केला. पण दोन वर्षांनी तुमचा आवाज कानावर पडला तोच हुंदके देत, आणि मी तोंड उघडलं की तुम्ही म्हणायच्या, "बोलू नगंस, छातीवर ताण येतो." आक्का, छातीवर कसलाही ताण नाही. माझी बायपास झालेली नाही. बायपास म्हशीचं सुरू आहे, आणि तिचंही ऑपरेशन नव्हे.

झालं असं, की गेल्या महिन्यात धाराशिवला दुभत्या जनावरांच्या आहाराचं दोन दिवसांचं शिबिर होतं. मी जेवण फुकट आहे म्हणून गेलो आणि म्हशीच्या पोटातला जाणकार होऊन परतलो. तिथले साहेब म्हणाले, म्हशीच्या पोटात चार कप्पे असतात. पहिला सगळ्यात मोठा, त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जंतू बसलेले, आणि ते वैरण आंबवतात तेव्हा कुठं ती अंगी लागते. म्हणजे इतकी वर्षं आपण म्हशीला नव्हे, जंतूंना खाऊ घालत होतो! (बिजलीच्या चेहऱ्यावर उपकाराची जाणीव कधी दिसली नाही, त्याचं कारण मला तिथं कळलं.) या जंतूंना रोज तेच खाणं ठरल्या वेळी, ठरल्या मापानं लागतं. बदल करायचा तर आठ-दहा दिवस घेऊन, हळूहळू. आणि जास्त दूध देणाऱ्या म्हशीसाठी एक भुकटी मिळते, तिचं नाव बायपास फॅट. ती त्या पहिल्या कप्प्यात न विरघळता, गावात न शिरता बाहेरून जाणाऱ्या रस्त्यासारखी थेट पुढं जाते आणि तिकडं पचते. आपलं दूध जातं खव्याच्या भट्टीवर, तिथं फॅटला भारी मान. मी पिशवी आणली, अयोध्याचा स्वयंपाकघरातला वजनकाटा गोठ्यात नेला (त्यावरून जे झालं ते इथं लिहीत नाही) आणि पन्नास ग्रॅमपासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी अयोध्या अंगणात उभी राहून तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. तिचा आवाज तुम्हांला माहीत आहे, तिला फोनची तशी गरज नसते. "व्हय, कालच बायपास केलं. ह्यांनी लईच मनावर घेतलंय बग. दोन येळंला भुकटी द्याची, हळूहळू अंगी लागंल म्हणत्यात." या सगळ्यात म्हैस कुठंच नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. भिंतीपलीकडं शेजारच्या कमलबाई वाळवण गोळा करत होत्या. त्यांची लेक दिलीय बार्शीला, तुमच्याच गल्लीत. एसटीला तीन तास लागतात, ही बातमी दहा मिनिटांत पोचली.

सकाळी मी बनियनवर कडब्याची कुट्टी करत होतो, तर महालिंगप्पा तात्या मोसंब्यांची पिशवी घेऊन दारात. "आरं टाकं तुटतील की!" म्हणत त्यांनी माझ्या हातातली पेंढी हिसकावून घेतली. मी म्हटलं, तात्या, माझं काही नाही, ते म्हशीचं आहे. तात्या गोठ्यात गेले, बिजलीकडं बराच वेळ बघत राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "म्हशीला बी झटका? कधी आला?" दुपारपर्यंत मला बघायला येणारे वेगळे आणि म्हशीला बघायला येणारे वेगळे. कमलबाईंनी तर तिच्या पाठीवरून हात फिरवून डोळ्यांना पदर लावला.

यावर अयोध्यानं तरी हसावं की नाही? खरं काय ते तिला माहीत. पण चार बायांनी चार गोष्टी सांगितल्या आणि तिच्या मनानं घेतलं. म्हणाली, "न्हाय झाली तर न्हाय झाली, पर व्हवू बी नये!" तेव्हापासून मला अळणी भाकरी आणि उकडलेला दुधी. शेंगाचटणी बंद, दूध बंद. तिकडं गव्हाणीत बिजलीला हिरवी मका, कडबा, पेंड, वरून खनिजांची भुकटी. (त्या भुकटीत मीठ असतं असं ऐकलं होतं, म्हणून काल चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. असतं.)

इथवर हसण्यावारी होतं. पण अयोध्या मला फळं खाऊ देईना, म्हणून बघायला आलेल्या माणसांनी ती मायेनं म्हशीला चारली. तीन डझन केळी, बिस्किटांचे पुडे, एकानं तर घरून शिरा आणला होता. सांगायचं कुणाला? सांज व्हायच्या आत बिजलीनं रवंथ थांबवला, मान टाकली आणि बसली. डॉक्टर आले, औषध पाजलं, म्हणाले वाट बघा. मी तिच्या कानाला हात लावून बसलो, आणि आक्का, मला तुमचा टिप्या आठवला. दोन वर्षांपूर्वी टिप्या गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही रडत फोन केला होता आणि मी म्हणालो होतो, बिस्किटं चारून तुम्हीच मारलंत कुत्र्याला. (तेव्हा मी शिबिरालाही गेलो नव्हतो.) परवा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बिस्किटं वाईटच, पण कुत्रं चौदा वर्षं जगलं म्हणजे चांगलंच सांभाळलं होतं. मी चुकलो, आक्का. मला फार वाईट वाटतं.

बिजलीनं पहाटे रवंथ सुरू केला. मी ठणठणीत आहे. तेव्हा मला बघायला शुक्रवारी निघते म्हणालात, ती दगदग करू नका, गुडघ्यांना जपा. दाजींना नमस्कार.

तुमचा,
महारुद्र

ता. क. : मी चालायला लागेपर्यंत चहा सोडायचा नवस तुम्ही सोनारीच्या भैरवनाथाला बोललात म्हणे. मी चालतोय. पळतोयसुद्धा, कारण बिजली दावं सोडवून कमलबाईंच्या वाळवणाकडं गेलीय.

ता. क. २ : कमलबाईंवर रागावू नका. मी त्यांना खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तर तुम्ही फोन केला नसता.

ता. क. ३ : पत्र बुधवारी लिहिलं, पण टाकलेलं नाही. शुक्रवारी तुम्हांला उतरवून घ्यायला स्टँडवर येईन, तुम्ही एसटीतून खाली उतरलात की मगच तिथल्या पेटीत टाकीन. तोवर मी आजारी आहे. म्हणजे आत्ता तुम्ही हे बार्शीला परत जाऊन वाचताय. राग येणारच. फोन करून हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण फोन करा.