अंगणातली चूल

आईस निशाचा जयभीम.

बेंगळुरात मी धडधाकट हाय, येळेवर जेवतीया. फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितीया. तुझा गुडघा कसा हाय? पप्पा अजून गुऱ्हाळावर जात्यात का?

पप्पांनी दिलेल्या काकवीतनं मी यीस्ट वाढवलं, ठाव हाय न्हवं तुला? त्याचं साखर फोडणारं एन्झाइम पेशीत नेमकं कुठं बसतं, ते मी शोधत होते. त्याला चमकणारा रंग जोडला आणि सूक्ष्मदर्शकात बघितलं, तर पेशीच्या कडेनं हिरवी बांगडी! म्हणजे एन्झाइम आत न्हाय, बाहेरच्या भिंतीत. चूल घरात न्हाय, अंगणात. शिजवायचं ह्या पेशीनं आणि जेवून जायचं शेजाऱ्यांनी.

तो फोटो मी पहिल्यांदा माझ्याच लॅबमधल्या वर्षाराणीला दाखवला, डब्यातली भाकरी मोडता मोडता. कोडोलीची हाय, आपलीच पोरगी, बहीण मान म्हणालतीस.

काल मोठ्या सभेत तिनं तोच फोटो पडद्यावर लावला. “मला हे दिसलं,” म्हणाली. माझं नाव कुठंच न्हाय. नंतर लॅबच्या सरांना विचारलं तर म्हणाले, एकाच लॅबमधलं हाय की. मी पुढच्याच खुर्चीत होते. सगळ्यांबरोबर मीबी टाळ्या वाजवल्या, त्याचाच राग जाईना.

काळजी करू नको. तिच्या आईचा फोन आला तर नीट बोल, त्या माऊलीला काय ठाव असणार?

फक्त चटणी पाठवशील तवा तिची वेगळी पिशवी भरू नको. माझी एकच भर, आणि तोंड घट्ट शिव.

तुझीच,
निशा