जिन्याखालच्या पेटीतला बोर्ड

मी, वय एकाहत्तर, पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवणाऱ्या कारखान्याचा माजी मुख्य अभियंता, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात लिहिण्यासारखे आणखी काही त्यांना सापडले नाही.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीच्या नावे. माझा अबोला आणि माझा रेडिओ तिने चाळीस वर्षे सोसला. रेडिओ टाकून द्यावा.

कलम २. कपाटातल्या डब्यात चाळीस परदेशी चिप्स आहेत. व्यापारी निर्बंध लागून आयात थांबली तेव्हा कारखान्याच्या मालकांनी त्या नक्कल करायला नमुना म्हणून तिसऱ्याच देशातून, वरची नावे खरवडून मागवल्या होत्या. त्या मालकांना परत द्याव्यात. सोबत त्यांनी दिलेले सन्मानचिन्हही द्यावे. "पर्यायी चिपचे जनक" ही त्यावरची अक्षरे मला बघवत नाहीत.

कलम ३. सूक्ष्मदर्शक, सोल्डरिंगचे सामान व सर्व वह्या मुलीला. कारण सांगणे भाग आहे. ती माझ्याच हाताखाली कामाला होती. आयात थांबली त्या आठवड्यात म्हणाली, "बाबा, त्या चिपची नक्कल कशाला करत बसायचं? तिच्याशिवाय चालेल असा बोर्डच नवा करू या ना." बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांचा एक बोर्ड तिने करूनही आणला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "खेळणी घरी ठेवायची." दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

आम्ही चार वर्षे नक्कल केली. मूळ चिप चालू होताना क्षणभर अडखळायची. जुळणी तंतोतंत हवी म्हणून मी तो दोषसुद्धा उतरवून घ्यायला लावला, आणि तो जमला त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. मग निर्बंध उठले. मूळ कंपनीची नवी चिप आली, ती अडखळत नव्हती. आमचा विभाग महिन्याभरात बंद झाला. मला वाईट वाटायला हवे होते. काहीच वाटले नाही, अजूनही वाटत नाही.

कलम ४. मुलगी फोन करते तो आईला. "एकदा बोलून तर टाका," पत्नी म्हणते. माझ्याने होत नाही, म्हणून येथे लिहितो. तिचा बोर्ड मी फेकला नव्हता. राजीनाम्याच्या दिवशी तिच्या टेबलावरून उचलून आणला आणि आमच्या इमारतीच्या पंपाला लावला. जिन्याखालच्या पेटीत आहे. बाराही घरांचे पाणी त्याच्यावर चढते. तो कोणीही काढू नये. तिने स्वतः येऊन पेटी उघडावी. झाकणाच्या आत, बिघाड नोंदवायला मी एक कागद चिकटवला आहे. अकरा वर्षांत त्यावर एकही ओळ लिहावी लागली नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून सही केली आहे.

स्थळ: राहते घर, दुसरा मजला.
दिनांक: आयात पुन्हा सुरू झाल्याच्या सातव्या वर्षी, सोमवार, सकाळ.

साक्षीदार पहिले: शेजारचे निवृत्त शिक्षक (सही).
साक्षीदार दुसरे: इमारतीचे प्लंबर (सही). हे इतकी वर्षे विचारत आले, "काका, हा बोर्ड कुठल्या कंपनीचा हो?" आज सही घेताना त्यांना सांगितले, माझ्या मुलीचा.