अर्ध्या वाटेवरचं जेवण

१ मार्च, रविवार

पुन्हा त्या रेस्टॉरंटात पाऊल ठेवणार नाही. संपलं!

आईला धाकट्या भावाच्या हवाली करून आलो. ती सहा महिने माझ्याकडे असते, सहा महिने त्याच्याकडे. दोन्ही शहरांच्या मधोमध, हमरस्त्यावर, ते रेस्टॉरंट. मी इकडून आईला घेऊन निघतो, भाऊ तिकडून येतो. जेवायचं, आईची बॅग एका डिकीतून दुसऱ्या डिकीत ठेवायची, आपापल्या रस्त्याला लागायचं. आजवर कधी तक्रार नव्हती.

आज मात्र कहर. सूपच किती वेळाने आलं. पुढे तर काहीच नाही. आमच्यामागून आलेले लोक जेवून, हात पुसत निघूनही गेले. वेटर दिसला की मी हात वर करायचो. तो 'होतंय, साहेब' म्हणायचा आणि आत गडप. मध्ये एकदा रिकामा ट्रे घेऊन आमच्याच टेबलाजवळून गेला — सावकाश, फिरायला निघाल्यासारखा. धाकटा म्हणाला, "दादा, भाजीचं बी पेरायला गेला होता वाटतं." मग आम्ही त्या वेटरच्या मागेच लागलो. त्याची चाल, त्याचा भांग, काही सोडलं नाही. शाळेत मास्तरांची टिंगल करायचो, तसे. आईसुद्धा हसत होती. मध्येच म्हणाली, "तुम्ही लहान होता ना, तेव्हा एकदा—" तेवढ्यात वेटर बाहेर आला. मी म्हटलं, थांब गं जरा.

शेवटी आवाज चढवला. मालक आला. सगळ्यांदेखत त्याला वेटरची खरडपट्टी काढायला लावली. वेटर मान खाली घालून उभा. एक शब्द बोलला नाही. आई दोनदा म्हणाली, राहू दे रे. जेवण आलं ते गार. तिने चार घास खाल्ले असतील.

निघताना आम्हा भावांचं ठरलं — पुढच्या वेळी जेवणाची भानगडच नको. थोडं अलीकडे पेट्रोल पंप आहे. तिथेच बॅग हलवायची. पाच मिनिटांचं काम. आईला विचारलं, चालेल ना? "तुमच्या सोयीनं करा," म्हणाली.

२ मार्च, सोमवार

इंटरनेटवर त्या रेस्टॉरंटच्या नावाने लांबलचक तक्रार लिहिली. इतकं नेटकं बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं. खाली फोन नंबरही दिला.

बायकोला वाचून दाखवली. सगळी ऐकून घेतली तिने. मग म्हणाली, "आणि आईंशी काय बोललास?"

आठवेना.

४ मार्च, बुधवार

आईचा फोन. औषधं घेतली, हवा बरी आहे, तिकडची गादी जरा कडक आहे. परवा फार ताटकळावं लागलं तुला, असं म्हणालो. "छे रे, छान बसलो होतो की." मला वाटलं, सवयीने म्हणाली.

६ मार्च, शुक्रवार

रेस्टॉरंटच्या मालकाचा फोन आला. माफी मागितली, पण फोन ठेवेना. सांगू की नको, असं चाललं होतं त्याचं. वेटरला त्याने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे तो बोलला म्हणे.

आम्ही बसायच्या आधी आई हात धुवायला गेली होती. तिने त्याला बेसिनपाशी गाठलं. "माझी दोन्ही मुलं सहा महिन्यांतून एकदा एका टेबलाशी बसतात, बाबा. जेवण झालं की उठतात. तू जरा दमानं आण. त्यांना सांगू मात्र नकोस."

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

तक्रार काढून टाकली. तेवढंच हातात होतं. त्या सगळ्या वेळात आई आमच्याकडे बघत होती आणि मी किचनच्या दाराकडे. खुर्चीसुद्धा तिकडेच वळवून घेतली होती. ती काय सांगणार होती? 'तुम्ही लहान होता ना, तेव्हा एकदा' — काय एकदा?

७ मार्च, शनिवार

धाकट्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि आपण तिच्यासमोर पंपाचं ठरवलं, दादा."

मी म्हटलं, पंप रद्द. त्या रेस्टॉरंटातच जेवू. दुपारभर बसू. त्याच वेटरला बोलावू, हवं तर हात जोडू. आईला सांग. तो म्हणाला, उद्या चहाच्या वेळी सांगतो.

फोन ठेवल्यावर जरा हलकं वाटलं. सप्टेंबर काही फार लांब नाही.

८ मार्च, रविवार

धाकट्याने आईला सांगितलं. ती म्हणाली, "कळलं होय तुम्हाला? मग पंपच बरा. आता मुद्दाम बसाल."