उघडा काठ

न्यारिगा, ८ जानेवारी

चि. तालाता हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

टोपल्यांची परदेशातली मागणी पक्की झाली. विणकर सोसायटीच्या अयांगाने काल बोल्गाच्या बाजारात स्वतः सांगितलं. ट्रक महिनाअखेर येईल. टोपल्या तयार नसल्या तर मागणी शेजारच्या गावाला जाईल आणि आपली सोसायटी बंद, हेही त्यानेच सांगितलं.

टोपल्या विणून झाल्यात, पण एकीचाही काठ बांधलेला नाही. आईची रीत तुला ठाऊकच आहे. जिने बूड घातलं तिने काठ बांधायचा नाही, तो दुसरीने बांधायचा. काड्या बाहेर काढून सगळ्या टोपल्या घरभर साळिंदरांसारख्या बसल्यात. काठ बांधायला दुसरी कोणी उरली नाही; आसिबी कुमासीला गेली, पोका लेकीकडे. बोलायला आता फक्त शेळी, आणि ती काड्या खाते.

अयांगा हसला. म्हणाला, तूच बांध की, तिकडे कोण विचारतंय? मला ते जमणार नाही. तालाता, तू थोडे दिवस येऊन जाशील का?

वाट पाहणारी,
लामीसी

अक्रा, १५ जानेवारी

ती. ताईस तालाताचा सा. नमस्कार.

येणं जमत नाही गं. सुट्टीचं नाव काढलं की सलूनची मालकीण दाराशी कामासाठी ताटकळलेल्या पोरींकडे बोट दाखवते. आपल्या टोपल्या आता इथे प्लास्टिकच्याही मिळतात, कुठल्याशा देशातल्या कारखान्यातल्या. नक्षी आपलीच. काठ असा सरळ की तुला रागच येईल.

तूच बांधून टाक. आई काही बघायला येत नाही. मी वेण्या घालते तेव्हा बायका ओरडतात, केस आहेत, टोपली नाही. मालकीण म्हणते, हिला गावाकडून हात तेवढे आले, जीभ आलीच नाही. खरंय. आपल्या भाषेत बोलून किती दिवस झाले, आठवत नाही.

रागावू नकोस. माया असू दे.
तुझी तालाता

न्यारिगा, २० जानेवारी

चि. तालाता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. एक काठ बांधायला घेतला. अर्ध्यावर आल्यावर सवयीने तुला काहीतरी विचारलं. मग सगळा उसवला.

म्हणून टोपल्याच तुझ्याकडे पाठवतेय. सोमवारच्या बसने निघतील, ड्रायव्हर अतांगा मंगळवारी सकाळी स्टँडवर उतरवेल. तो थांबत नाही, वेळेवर जा. काड्या आधी भिजव, शहरात राहून विसरली असशील. फार आवळू नकोस. तो दोन दिवसांनी परत निघेल, त्याच्याच बसने पाठव, म्हणजे ट्रकच्या आधी पोचतील.

प्रत्येक टोपलीला विणणारीच्या नावाची चिठ्ठी हवी म्हणे, आणि नाव एकच मावतं. मी तुझं सांगितलं. अयांगा कुरकुरला, मग लिहिलं त्याने.

गठ्ठ्यात कोऱ्या काड्याही घातल्यात. त्यांतून एक टोपली तू सुरू कर आणि बाकीच्यांबरोबर पाठव. तिचा काठ उघडाच ठेव.

तुझी ताई,
लामीसी