मुक्काम संपला

तुमचा फोटो लावलाय त्यांनी धर्मशाळेत. हार घालून, उदबत्ती लावून. आणि कुठं, तर ज्या पायरीवर आईचे दात सांडले, बरोबर तिच्यासमोर. तुम्हाला नाही तर नाही, निदान त्या भिंतीला तरी लाज वाटायला हवी होती! नाना, मी तुमची थोरली, घोटीला दिलेली. नमस्काराचं नंतर बघू.

मागच्या आठवड्यात नातीला घेऊन नाशकात गेले होते. लेकीची लेक. नवऱ्यानं पट्ट्यानं फोडून काढली होती, पाठभर वळ, वरचा ओठ फाटलेला. पळून माझ्याकडे आली. तिचा बाप म्हणाला, "राहू दे आजीकडे जरा, मग पोचवू परत." पोरगी बोलेना, जेवेना. म्हटलं, चल, गंगेवर जाऊन येऊ. यष्टीनं गेलो. रामकुंडात पाय बुडवले, दुतोंड्या मारुतीला हात जोडले, काळारामाचं दर्शन घेतलं. सीतागुंफेत वाकून शिरताना तिची पाठ दगडाला घासली आणि ती किंचाळली. मागची बाई म्हणते, "अगं हळू, काय मोडून घेतेस का?" मी म्हटलं, "मोडूनच आणलीय, तू पुढं बघ." पोरगी हसली. ओठातनं रक्त आलं, पण हसली.

मग पंचवटीतली तुमची धर्मशाळा. आता ती बघायला माणसं येतात, सागवानी खांबांचे फोटो काढतात रोल संपेपर्यंत. नवा व्यवस्थापक तुमच्या फोटोखाली उभा राहून सांगत होता, "यांच्या काळात शिस्त अशी, की तीन दिवसांच्या वर एकही यात्रेकरू राहिला नाही." तुमची शिस्त मला ठाऊक आहे. चौथ्या दिवशी सकाळी मोठ्या दरवाज्याचा लाकडी अडसर काढून तुम्ही खोल्यांच्या दारांवर आपटत फिरायचे. "मुक्काम संपला! उठा!" म्हातारं असो नाहीतर बाळंतीण असो, वळकटी थेट रस्त्यावर.

आणि मीही आले होते तशीच, सासरहून मोडका हात घेऊन. लग्नाला वर्ष झालेलं नाही. आपण तेव्हा धर्मशाळेच्याच मागच्या खोल्यांत राहतो. आई हात बांधते, हळद लावते. तुम्ही बोलत नाही. मला वाटतं, लेकीला कसला आलाय नियम. चौथ्या दिवशी सकाळी अडसर माझ्या दारावर आपटतो. तुम्ही माझी वळकटी चौकात फेकता आणि मला वेणीला धरून पायऱ्यांवरून ओढता. "दिली तिथं मर!" आई मध्ये येते. अडसर तिच्या जबड्यावर बसतो. ओला नारळ फुटावा तसा आवाज. यात्रेकरू हातात तांबे घेऊन उभे, एक माणूस हलत नाही. तुम्ही मला रस्त्यावर काढलंत आणि दार लावून घेतलंत. आईचा जबडा वाकडाच जुळला. पुढं मरेपर्यंत ती भाकरी पाण्यात कालवून गिळायची, आणि ती काय बोलते ते कोणाला कळायचं नाही. तुम्ही लोकांना सांगायचे, "आमच्या घरात कशी शांतता आहे बघा."

हे डोक्यात चाललेलं, तेवढ्यात नातजावई दारात. धर्मशाळेत जाणार हे निघताना मी तिच्या बापाला बोलले होते, त्यानंच याला सांगून धाडलेला. "आजी, पुरे झालं आता माहेरपण. चल गं." बोलणं गोड, हात मात्र सरळ वेणीत. हिसक्यासरशी ती पायरीवर पडली. त्याच पायरीवर. व्यवस्थापक मला म्हणतो, "आजी, नवरा-बायकोचं आहे, आपण मध्ये पडू नये." अडसर दारामागंच होता, नाना, तुम्ही ठेवायचे तिथं. मी उचलला. पहिला ठेवला त्याच्या मनगटावर, वेणी धरलेल्या. हाड वाजलं, वेणी सुटली. दुसरा गुडघ्यावर. तो बोंबलत चौकात लोळायला लागला, दगडावर नाक फुटलं, रक्त माझ्या लुगड्यावर उडालं. मी अडसर त्याच्या टाळक्यावर धरला आणि ओरडले, "मुक्काम संपला! ऊठ!" लोकांनी त्याला उचलून रिक्षात घातला.

पोलीस येऊन गेले घरी. म्हटलं, "न्या की म्हातारीला, पण आधी पोरीची पाठ बघा." बघितली. चहा पिऊन गेले. तिचा बापही आला होता, त्याला दारातच उभा केला, पाणीसुद्धा दिलं नाही. पोरीला सांगून ठेवलंय, या घरात दिवस मोजायचे नाहीत. काल तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

ही चिठ्ठी कुठल्या पेटीत टाकणार? चुलीत घालीन. अक्षर वाकडं आहे, दुसरीतनं तुम्हीच काढलंत. एक मात्र कबूल करते. अडसर उचलला तेव्हा हाताला जड लागला नाही, आणि गळ्यातनं आवाज आला तो तुमचाच. बरं वाटलं मला. तुमची लेक असल्याचा तेवढाच एक उपयोग झाला.

उत्तर तुम्ही द्यायचं नाही. तिथं गेल्यावर आईचा जबडा सरळ झाला असेल, तर तिनं द्यायचं. तुम्ही बाजूला उभं राहायचं आणि ऐकायचं.