रिकामं जातं

अर्धापूर, १ सप्टेंबर २०२५

ती.स्व. आत्याआजीस सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी चूक लिहिली. आपल्या पेवात घरची बायका-पोरं दोन्ही वेळा निजामाच्या रझाकारांपासून लपली, असं मुक्तिदिनाला शाळेत सांगणार, असं मी म्हणाले होते. काल गावी भागवतकाकांनी पेव उघडलं. आधी दोरीनं कंदील सोडला; तो विझला नाही, तेव्हा मला उतरू दिलं. जमिनीतली ती धान्याची कोठी, वर जेमतेम माणूस मावेल एवढं तोंड. काका वरून सहज म्हणाले, की दुसऱ्या वेळी इथं शेजारची खैरुनबी होती, आणि तेव्हा रझाकार उरलेच नव्हते.

मग ती कुणाला भीत होती? आमच्या पुस्तकात रझाकारांचे अत्याचार आहेत, पोलीस ॲक्शन आहे, आणि पाठ संपतो. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते. तू तेव्हा, अठ्ठेचाळीस साली, आठ वर्षांची होतीस. पहिली अक्षरं तूच शिकवलीस, हेही तूच सांग.

तुझी सुकन्या

मुरुड, ६ सप्टेंबर

चि. सुकन्यास अनेक आशीर्वाद.

पाटीवर अक्षर चुकलं की तू जेवायची न्हाईस. अजून तशीच हायेस. जेवत जा.

पहिल्या खेपेला आत आम्ही होतो. माय, मी आन् तान्हा तुझा आजा. तोंड पुरतं झाकलं तर जीव गुदमरतो, म्हणून फट ठेवून वर पोतं टाकलं. खैरुनबी तिथंच जात्यावर बसली. पोराचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून दळतच राहिली. रझाकार अंगणात आले, तिनं मान वर केली न्हाई.

मग फौज आली, रझाकार पळाले. आन् आपल्याच आजूबाजूची माणसं कोयते घेऊन मुसलमानांची घरं हुडकत आली. त्यातले काही आपल्या घरी जेवून गेलेले. तवा पेवात खैरुनबी आन् तिची लेकरं, जात्यावर माय. ज्वारी संपली. उठावं तर आवाज थांबतो. माय रिकामंच जातं फिरवत राहिली, दगडावर दगड. लेकरू रडलेलं मला ऐकू आलं, त्यांना न्हाई. पुढं लई दिवस भाकरीत कच लागायची. आमचा बाप जेवायला लई किरकिऱ्या, पण एक अक्षर बोलला न्हाई.

अर्धंच सांगायचं असलं तर गप बस. आन् तुझी नोकरी कच्ची हाय, ते इसरू नको.

तुझी आत्याआजी, पार्वतीबाई

अर्धापूर, ११ सप्टेंबर

ती.स्व. आत्याआजीस सा. न.

पत्र मिळालं. ज्या तान्ह्याची मी नात, त्याचं रडणं खैरुनबीनं दळणात बुडवलं.

मुख्याध्यापक व्यंकटराव सर म्हणाले, की पाहुणे पक्षाचे आहेत, पुस्तकात आहे तेवढंच बोला. शिक्षणसेवकाची मुदत संपताना तुमच्यावरचा शेरा मलाच लिहायचाय, असंही सुनावलं. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, की मग दुसऱ्या वेळचंच तेवढं सांग, पाहुण्यांना चांगलं झोंबेल! तेही पटलं नाही. रझाकार लहान केले तर खैरुनबीचं धाडस लहान होतं, कोयते झाकले तर पणजीचं.

भीती वाटते. तरी काका टेम्पोतून जातं आणताहेत. दोन्ही सांगीन, मग मुलांसमोर ते रिकामंच फिरवीन. गाडी करून ये. ऐकू नाही आलं तरी पायाला हादरा कळेल. शेरा कसाही येवो, तुझी माया आहे तेवढीच राहू दे.

झेंडावंदन झाल्याबरोबर, बुधवारी, १७ सप्टेंबरला.

तुझी सुकन्या